सीलबंद म्हणजे निर्जंतुक नव्हे

ऑगस्ट २०१३ मध्ये फॉन्टेराच्या व्हे प्रोटीनवरून देशोदेशी बाळांच्या दुधाचे डबे परत मागवले गेले. अखेर तो बोट्युलिझमचा जंतू नव्हताच. ती खोटी धास्ती सर्वांना आठवते. पण २००४ साली वायकाटो हॉस्पिटलात, पावडरीतल्या साकाझाकी जंतूने अपुऱ्या दिवसांचे बाळ खरोखरच दगावले, ते विस्मरणात गेले. मला हे खटकते.

सीलबंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले: उकळलेले पाणी ७० अंशांखाली जाण्याआधी पावडर मिसळा, दूध निववून लगेच पाजा, दोन तासांत न संपल्यास ओतून द्या.

प्रत्येक बाळंतिणीला हे तिच्या भाषेत सांगणे सरकारचे कर्तव्य आहे. तसा आग्रह आपण धरू या; तोवर ओळखीच्या घरांत आपणच सांगू या.