अवजार कोणाचे, पाळी कोणाची?

मृगाचा पाऊस पडतो. तीर्थपुरीच्या परिसरातील काळ्या रानाला काही दिवसांनी वाफसा येतो आणि तो फार काळ टिकत नाही. तेवढ्या अवधीत सोयाबीन, तूर मातीत जावी लागते. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्र आहे तो आधी स्वतःचे रान पेरतो, मग भावकीचे, मग सोयऱ्यांचे, मग रोख देणाऱ्यांचे. तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर ट्रॅक्टर पोचतो तेव्हा एक तर ओल उडून गेलेली असते, नाही तर दुसरा पाऊस कोसळून रानात चिखल झालेला असतो. भाडे मात्र त्यालाही इतरांइतकेच पडते.

घरातील वस्तू नुसती पडून ठेवू नका, भाड्याने द्या आणि चार पैसे जोडा, हा उपदेश आता खेड्यापर्यंत पोचला आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. लग्नसराईत मोठी पातेली, पराती, सतरंज्या भाड्याने देऊन एखादे घर सावरते. नवऱ्याच्या मागे घरात राहिलेला फवारणीपंप एखादी विधवा दिवसाच्या बोलीने देते आणि तेवढ्यावर तिच्या मीठमिरचीची सोय होते. तिला शोषक ठरविणे हा पोथीनिष्ठ मूर्खपणा होय. स्वतःच्या श्रमातून घेतलेली वस्तू शेजाऱ्याच्या उपयोगी पडावी आणि तिची झीज भरून निघावी, यात समाजवादाला बाधा येईल असे काहीही नाही.

परंतु सर्व भाडी एकाच जातीची नसतात. पातेले एका घरी मिळाले नाही तर दुसऱ्या घरी मिळते. ते थोडे उशिरा आले तर पंगत तासभर खोळंबते. पेरणीयंत्र उशिरा आले तर वर्ष बुडते. मळणीयंत्र वेळेवर आले नाही तर काढून ठेवलेल्या सोयाबीनची गंजी अवकाळी पावसात सापडते आणि शेंगांना कोंब फुटतात. अशा अवजाराचा मालक भाड्याने यंत्र देतो हे अर्धेच सत्य आहे. कोणाचे पीक आधी वाचेल आणि कोणाचे मागाहून, याचा निर्णयही त्याच्याच हाती असतो. भाड्याचा दर कमी-जास्त करून हा अधिकार नाहीसा होत नाही. प्रश्न दरापेक्षा पाळीचा अधिक आहे.

हा अधिकार एकवटला कसा, हेही पाहिले पाहिजे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर आहे. एवढ्या जमिनीवर बैलजोडीचा वर्षभराचा चारा निघत नाही आणि ट्रॅक्टरचा हप्ता तर मुळीच फिटत नाही. बैल विकले गेले आणि त्यांच्याबरोबर सावडही गेली. एकेका बैलाच्या दोन धन्यांनी एकत्र येऊन औत जुंपावे, इर्जिकीच्या दिवशी दहा औतांनी एका अडलेल्या माणसाचे रान नांगरून द्यावे आणि एकत्र जेवून उठावे, ही रीत मराठवाड्यातील वृद्धांच्या अजून स्मरणात आहे. तिथे भाडे नव्हते. परतफेडीची जाणीव होती.

मात्र त्या रीतीचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. सावड बैल असलेल्यांची होती. ज्या भूमिहीनाजवळ बैलच नव्हता त्याला तिच्यात जागा नव्हती. गावकीची मोठी भांडी सर्वांची म्हणवली जात, पण दलित वस्तीतील लग्नाला ती मिळत नसत. सामाईक मालकीत ‘सर्व’ या शब्दाबाहेर कोणाला ठेवले आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

पाळी ठरविणे ही या भागाला अपरिचित गोष्ट नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने घनसावंगी तालुक्याला पाणीपाळी शिकवली. तीर्थपुरीला समर्थ सहकारी साखर कारखान्याचा दुसरा प्रकल्प आहे. लागवडीची नोंद कधी झाली आणि तोड कधी येणार, याचा हिशेब इथला ऊस उत्पादक तोंडपाठ सांगतो. वशिल्याने क्रम मोडल्याच्या तक्रारी राज्यात ठिकठिकाणी होतात, हे खरे. पण क्रम कागदावर असतो म्हणूनच तो मोडल्याची तक्रार करता येते. ट्रॅक्टरमालकाच्या ओट्यावर बसलेल्या अल्पभूधारकाला तक्रार करण्यासाठी कागदच नसतो. त्याला फक्त विनवणी करता येते.

सरकारने अवजार बँकेच्या योजना काढल्या. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासूनचे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जालना जिल्ह्याचाही समावेश झाला आणि शेतकऱ्यांच्या गटांना अवजारांसाठी अनुदानाची वाट खुली झाली. वाट चांगली आहे. परंतु गट कागदावर बारा जणांचा आणि ट्रॅक्टर एकाच्याच वाड्यात, असे घडले तर सार्वजनिक पैशाने खासगी भाडेकरी पोसला जाईल. अनुदानाने यंत्र येते, लोकशाही येत नाही. ती माणसांना उभी करावी लागते.

कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. गावातील प्रत्येक अवजार बँकेच्या दारावर भाड्याचा दर आणि पाळीची यादी मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे. सर्वांत कमी जमीन असलेला आणि एकट्या बाईच्या नावावर चालणारे खाते यांना पहिली पाळी, हा नियम सभेत मंजूर करून घेतला पाहिजे. भाड्यातून दुरुस्तीचा निधी आणि चालकाची रास्त मजुरी आधी बाजूला काढावी. उरलेल्याचा हिशेब वर्षातून दोनदा चावडीवर वाचावा. बचतगटांनी भांडी आणि सतरंज्या सामाईक घ्याव्यात आणि त्या कोणत्याही वस्तीत जातील, असे पहिल्याच ठरावात लिहावे.

पंप भाड्याने देणाऱ्या विधवेचे चार पैसे तिच्याकडेच राहोत. पण पुढच्या मृगात तिच्या दोन एकरांवर पेरणीयंत्र वाफशावर पोचले पाहिजे, आणि त्यासाठी तिला कोणाच्या ओट्यावर बसावे लागता कामा नये. गावातील समाजवादाची परीक्षा त्या दोन दिवसांत होते.