गर्दीत मागून आलेली

१२ वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत मागून आली आणि येशूच्या वस्त्राला गुपचूप शिवली (मार्क ५). याईराची मुलगी मरणाच्या दारात होती, तरी प्रभू या स्त्रीसाठी थांबला. तिला ‘मुली’ म्हणाला.

गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूच्या समस्येवर समुपदेशन करून पाहिले गेले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: मोजक्या भेटींनीही फरक पडतो. पण त्या अभ्यासातले ३७७ जण सगळे पुरुषच होते.

आपल्याकडे पिणारी बाई लपूनच राहते. मारहाणीचा, अत्याचाराचा घाव विसरायला ती पिते, आणि बोलही तिलाच लागतो. पेडण्याहून किंवा डिचोलीहून बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायचे तर दिवस मोडतो. मुले कोण सांभाळणार? घरी काय सांगणार? एकदा जाते, पुढच्या वेळी जात नाही. मग आपण म्हणतो, ‘तिलाच सुधारायचे नाही.’

बंधुभगिनींनो, प्रार्थना करूच. पण त्या दिवशी तिची मुले सांभाळू, बसमध्ये तिच्या शेजारी बसू, आणि चर्चच्या पायरीवर तिचा विषय काढणार नाही. भेट चुकली, तर पुन्हा तिच्या दारी जाऊ.

प्रभू घाईत असूनही थांबला. आपल्याला कसली एवढी घाई आहे?