रॉक आणि मेटल ऐकायला हेडफोन घेताय? मग बेसच्या आधी घरातल्या कूलरचा विचार करा

मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डे वाजवून गेले. मे महिन्यात त्याच मैदानावर गन्स एन रोझेस आले. २०२६ च्या लोलापालूझामध्ये तर थेट लिंकिन पार्कचं नाव सगळ्यात वर होतं. एकेकाळी कॅसेटवर ऐकलेले बँड आता आपल्याच राज्यात येऊ लागलेत.

पण आपलं राज्य तसं मोठं आहे भाऊ. अकोल्याहून मुंबई जवळपास सहाशे किलोमीटर आणि अमरावतीहून त्याहून जास्त. तिकीट, अमरावती एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन, राहण्याचा खर्च आणि सुट्टी, सगळ्याची बेरीज केली की वऱ्हाडातल्या बहुतेक पोरांसाठी कॉन्सर्ट रीलमध्येच उरकतो. म्हणजे अमरावती-अकोल्यात रॉक आणि हेवी मेटल ऐकणाऱ्यासाठी हेडफोन हेच मैदान आणि हेडफोन हाच स्टेज.

याच काळात दुसरी एक बातमी आली होती, ती फारशी कुणी शेअर केली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र लिहिलं. हेडफोन-इअरफोनचा वापर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, आवाज ५० डेसिबलच्या वर नको आणि मध्ये मध्ये कानांना विश्रांती द्या, असा त्याचा आशय होता.

आता मेटल ऐकणारा म्हणेल, ५० डेसिबलवर काय ऐकू येणार? साधं बोलणंच साधारण ६० डेसिबलचं असतं. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हेवी म्युझिकसाठी हेडफोन निवडणं हा नुसत्या हौसेचा विषय राहत नाही. कोणता हेडफोन घेता, त्यावर तुम्ही आवाज किती वाढवणार हे ठरतं. आणि आवाज किती वाढवता, त्यावर चाळिशीत तुम्हाला काय ऐकू येणार हे ठरतं.

बेसचा घोळ काय आहे?

राजकमल चौकातल्या दुकानात जा किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर, संवाद साधारण सारखाच असतो. "भाऊ, बेस कसा आहे?" "बेस पाह्य ना भाऊ, छाती हालते!"

आपल्याकडे चांगला आवाज म्हणजे जास्त बेस, हे गणित पक्कं बसलंय. त्यात नवल नाही. मिरवणुकीतला डीजे, लग्नातला बँड आणि कारमधला वूफर यांच्यावरच आपले कान तयार झालेत. कंपन्यांनाही हे माहीत आहे. 'बोट'ने तर आपल्या स्वस्त वायरवाल्या इअरफोनच्या मालिकेला नावच 'बासहेड्स' दिलं.

डीजेच्या गाण्यात हा बेस मजा आणतो. रॉक-मेटलमध्ये मात्र तोच घात करतो. कसा, ते आकड्यांत पाहू.

गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर. किक ड्रमचा धक्का साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे खालच्या मजल्यावर आधीच तिघांची गर्दी आहे. कंपनीने हाच भाग फुगवला की तिघं मिळून एक लगदा होतो. डबल बेस ड्रमचे सुटे ठोके ऐकू यायच्या ऐवजी नुसती 'घुर्रर्र' येते.

गिटारचा खरा चेहरा, म्हणजे ती करकर, ती धार, साधारण २०० हर्ट्झ ते ५ हजार हर्ट्झ या मधल्या पट्ट्यात असते. गायकाचा आवाजही तिथेच. बेस फुगला की हा मधला पट्टा झाकला जातो. मग ऐकणारा काय करतो? गिटार ऐकू यावी म्हणून आवाज वाढवतो. त्याच्यासोबत बेसही वाढतो आणि चक्र सुरू राहतं.

म्हणून हेवी म्युझिकसाठीचा पहिला नियम: बेस घट्ट हवा, जास्त नको. ठोका आला आणि लगेच थांबला पाहिजे.

हेवी म्हणजे मोठा आवाज नव्हे

गझल किंवा शास्त्रीय गाण्यात आवाज चढतो, उतरतो, मध्ये शांतताही असते. कानाला दम खायला जागा मिळते. डिस्टॉर्शन लावलेली गिटार मात्र सलग भिंतीसारखी उभी राहते. त्यात अनेक अल्बम मिक्सिंगनंतर आणखी दाबून, सगळे आवाज एकाच उंचीवर आणून बाजारात येतात. मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वरून यासाठीच मोठा वाद झाला होता. तीच गाणी 'गिटार हिरो' या गेममध्ये जास्त मोकळी वाजतात, असं चाहत्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला.

याचा अर्थ साधा आहे. फोनवर आवाजाची पट्टी तेवढीच ठेवली, तरी तासभर गझल आणि तासभर मेटल यात कानावर पडणारा मारा सारखा नसतो.

हा मारा मोजायला जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सोपा आहे. प्रौढ माणसासाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. १०० डेसिबलला पोहोचलात, तर अख्ख्या आठवड्याचा कोटा साधारण २० मिनिटांत संपतो. म्हणजे मेटॅलिकाची तीन लांब गाणी.

कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण १५ हजार. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की परत उगवत नाहीत. फोनची बॅटरी बदलता येते, याला बदली नाही. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून जास्त लोकांच्या ऐकण्याला असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे धोका आहे.

वऱ्हाडातला खरा खलनायक: कूलर

आता मुद्दा आपल्या गावचा. हेडफोनचे बहुतेक रिव्ह्यू शांत, एसी असलेल्या खोलीत बसून केलेले असतात. अकोल्यात मे महिन्यात खोली कशी असते, हे सांगायला नको. मे २०२४ मध्ये तर उन्हामुळे जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा वेळी घरात चालतो तो खिडकीतला कूलर, तोही दिवसरात्र. पंख्याची घरघर, मोटरची गुणगुण आणि पाण्याची टपटप.

हा आवाज मुख्यतः खालच्या पट्ट्यातला असतो, म्हणजे नेमका बेस आणि किक ड्रमच्या जागेवर. त्यामुळे कूलरसमोर बसल्यावर वाटतं, हेडफोनमध्ये बेसच नाही. पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये, एसटीत, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईला उडणाऱ्या पंख्याच्या विमानात, सगळीकडे हीच गोष्ट. मग बोट आपोआप आवाज वाढवायच्या बटणाकडे जातं.

म्हणजे आपल्याकडे हेडफोन घेताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, की तो बाहेरचा आवाज किती अडवतो. बाहेरचा आवाज अडला की गाणं कमी आवाजातही भरलेलं वाटतं.

अडवण्याचे मार्ग दोन.

पहिला: कानाला घट्ट बसणं. कानात घालायच्या इअरफोनसोबत रबराच्या तीन मापांच्या टोप्या येतात. बहुतेक जण लावलेली मधलीच ठेवतात. माप चुकलं की फट राहते, फटीतून बेस निघून जातो आणि बाहेरचा आवाज आत येतो. बॉक्समधल्या दुसऱ्या टोप्या लावून पाहणं हा फुकटातला सगळ्यात मोठा अपग्रेड आहे.

दुसरा: नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे एएनसी. यात माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या उलटी लहर तयार करून त्याला मारतो. कूलर, बसचं इंजिन, विमान अशा एकसारख्या घरघरीवर हे उत्तम चालतं. हॉर्न, भांड्यांचा आवाज आणि शेजारच्या सीटवरच्या गप्पा यांवर फारसं नाही. आणि गाडी चालवताना किंवा रस्ता ओलांडताना कानात काहीच नको, एएनसी तर नकोच.

मग घ्यायचं काय?

_बजेट दोन हजारांच्या आत असेल तर:_ वायरवाले आयईएम, म्हणजे कानात खोल बसणारे इअरफोन. याच पैशांत ब्लूटूथ घेतलं तर बॅटरी, चिप आणि केसचा खर्चही त्यातूनच निघतो. वायरमध्ये पैसा आवाजावर लागतो. फोनला ३.५ एमएमचं छिद्र नसेल, तर टाइप-सी कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागेल.

_प्रवास जास्त असेल तर:_ एएनसी असलेले कानात घालायचे इअरबड्स. ॲपमध्ये इक्वलायझर आहे का, ते आधी पाहा. 'बेस बूस्ट' बंद करता आला पाहिजे.

_घरी बसून ऐकत असाल तर:_ कान झाकणारे बंद हेडफोन. ऑडिओ टेक्निका एम५० एक्स किंवा सोनी एमडीआर ७५०६ ही स्टुडिओत चालणारी नावं याच प्रकारातली. फक्त उन्हाळ्यात त्यांची गादी घामाने भिजते आणि रेक्झिनचे पापुद्रे निघतात. गादी बदलता येते का, सुटी मिळते का, हे विकत घेण्याआधी विचारा.

_ओपन बॅक हेडफोन:_ अमेरिकेतल्या ग्राडोचे असे हेडफोन रॉक ऐकणाऱ्यांत प्रसिद्ध आहेत. गिटार अगदी समोर उभी राहते. पण मागची बाजू जाळीची असल्याने बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं सगळं बाहेर जातं. थंडीतल्या शांत रात्री उत्तम, कूलरच्या दिवसांत पैसे वाया.

बॉक्सवरचे आकडे किती खरे?

'२० ते २०,००० हर्ट्झ' जवळपास प्रत्येक बॉक्सवर असतं. हे आवाज किती समतोल निघतात, ते त्यातून कळत नाही. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज, हेही खरं नाही. एक आकडा मात्र जरूर पाहा, तो म्हणजे ओहम. १६ ते ३२ ओहमचे हेडफोन फोनवर आरामात चालतात. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन थेट फोनला लावला, तर तो बहुतेक वेळा दबकाच वाजेल.

आणखी एक खूण. वायरलेस हेडफोन आणि इअरफोनला भारतात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर किंवा बॉक्सवर 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. हा नंबर सुरक्षिततेचा, आवाजाच्या दर्जाचा नाही. पण 'फर्स्ट कॉपी' ओळखायला त्याची मदत होते.

दुकानातली दहा मिनिटांची परीक्षा

१. दुकानदाराचं डेमो गाणं नको. तुमचं शंभर वेळा ऐकलेलं गाणं लावा.

२. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, ही जुनी फसगत आहे.

३. मेटॅलिकाचा १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' लावा. त्यात बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, यासाठी तो अल्बम बदनाम आहे. तिथेही हेडफोन धडधडत असेल, तर तो बेस गाण्यातला नाही, कंपनीने घातलेला आहे.

४. दिल्लीच्या ब्लडीवूडचं ढोल असलेलं एखादं गाणं लावा. ढोल वेगळा आणि गिटार वेगळी कळली पाहिजे.

५. झांजेकडे लक्ष द्या. ती धातूसारखी वाजली पाहिजे, फोडणी टाकल्यासारखी 'चर्रर्र' नाही. दहा मिनिटांत कान थकले, तर तो हेडफोन तुमचा नाही.

घरी आणल्यावर एक सवय लावा. शांत खोलीत, कूलर बंद करून, गाणं नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवा आणि ती पट्टी लक्षात ठेवा. बसमध्ये किंवा कूलरसमोर त्याहून बराच वर जावं लागत असेल, तर तुमचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाहीये. आधी टोपी बदला, मग एएनसीचा विचार करा. इक्वलायझरमध्येही जे हवं ते वाढवण्यापेक्षा जे नको ते कमी करा. बेस थोडा खाली आणला की गिटार आपोआप वर येते.

ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा समोरचा माणूस तोंडात पुटपुटतोय असं वाटू लागलं, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीत पीडीएमसी अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतात. तिथे ऑडिओमेट्रीबद्दल विचारा. त्या तपासणीत दुखत-खुपत काही नाही.

गन्स एन रोझेसचा ॲक्सल रोझ मुंबईत आला तेव्हा ६३ वर्षांचा होता. तुमच्या आवडीचा बँडही कदाचित वीस वर्षांनी पुन्हा येईल आणि तेव्हा तिकिटाचे पैसे तुमच्याकडे असतील. त्या रात्री झांज नीट ऐकू यायला हवी असेल, तर हेडफोनवरचा हिशोब आत्तापासूनच ठेवावा लागेल.