आधी खोली, मग खर्च

फौजीला निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे मिळतात. कोणी गाडी घेतो, कोणी गावाकडचं घर दुरुस्त करतो, आणि ज्याला गाण्याचं वेड आहे तो स्पीकर घेतो. त्यात गैर काही नाही. पण महिन्याभरात त्याचा फोन येतो. "सर, लाखभर घातले, तरी डग्गा नुसता ढबढब वाजतो आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत. अँप्लिफायर बदलू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. काही बदलू नका, खुर्ची हलवा.

हे ऐकून लोक नाराज होतात. मोठ्या खर्चाच्या दुखण्यावर फुकटचं औषध कुणाला पटत नाही. दुकानदाराला तर मुळीच नाही, कारण त्याच्याकडे केबल आहे, सबवूफर आहे, कोळशासारख्या काळ्या फोमच्या चौकटी आहेत. तुमची खोली मात्र त्याने पाहिलेली नाही. जमीन न पाहता मशीनगन लावणाऱ्या सेक्शन कमांडरला आपण काय म्हणू? मग घरात रेकी न करता स्पीकर का लावता?

माझ्या सध्याच्या क्वार्टरचंच उदाहरण घ्या. पंजाबातली जुनी छावणी, बारा बाय बारा फुटांची खोली, छत चौदा फुटांवर, तीन दारं, एक बुजवलेली फायरप्लेस. भिंतींना प्लास्टर, खाली मोझॅक. असे पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात आणि बाकीचा परत फेकतात. हिशेब केला तर अशा रिकाम्या खोलीत आवाज विरायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. गाणं नीट ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवं.

त्यात खोली चौरस. १२ फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा सूर अडकून राहतो, आणि त्याची दुप्पट म्हणजे ९४ हर्ट्झ. लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांना तेच सूर फुगतात. डग्ग्याचा गुमकारा याच पट्ट्यात येतो. म्हणजे ढबढब वाजते ती खोली, स्पीकरचा त्यात दोष नाही. नवा, मोठा स्पीकर आणलात तर तीच ढबढब जास्त जोरात ऐकू येईल.

हा शोध काही नवा नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला एक व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं. तिथे बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत असे. सॅबिनने रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि स्टॉपवॉच लावून घुमणं मोजलं. गाद्या वाढल्या, घुमणं कमी झालं. त्या मोजणीतून निघालेलं सूत्र आजही वापरतात. त्याचं साधन होतं गादी, आणि ती आपल्या प्रत्येकाच्या काळ्या ट्रंकेत आहे.

मग करायचं काय? माझ्या खोलीत फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर आहे, भिंतीपासून अडीच फूट पुढे, ट्वीटर कानाच्या उंचीवर. ऐकणाऱ्याची खुर्ची त्यांच्यापुढे पाच फुटांवर, म्हणजे मागच्या भिंतीपासून साडेचार फूट. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर खर्ज फुगतो, खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तोच खर्ज गायब होतो. म्हणून साधारण एक तृतीयांशाच्या पुढे-मागे बसायचं आणि इंच-इंच सरकून ऐकायचं.

नंतर आरसा. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तीच जागा आवाज उलटवते. तिथे पुस्तकांचं कपाट किंवा दोरीवर टाकलेली जाड रजई. खाली सतरंजी, दारांना जड पडदे. सरकारी भिंतीला एकही खिळा लागत नाही आणि क्वार्टर सोडताना सगळं ट्रकमध्ये चढतं.

फोमचं काय? एक इंची फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो. तंबोऱ्याची झिलई जाते, ढबढब तशीच राहते. अंड्यांचे ट्रे तर त्याहून कुचकामी. खर्जाला जाडी लागते. कोपऱ्यात रॉकवूलचे चार-सहा इंची थर किंवा निदान गुंडाळलेल्या गाद्यांची चळत लागते.

"हल्ली अँप्लिफायरच खोली मोजून आवाज दुरुस्त करतो," असं तरुण अधिकारी सांगतात. अर्धवट खरं आहे. फुगलेला सूर तो दाबू शकतो. पण जिथे सूर नाहीसाच होतो तिथे तो भर घालू शकत नाही, कारण जितकं घालाल तितकं खोली खोडते. भिंतीवरून परतणारा आवाजही तो थांबवू शकत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. आपले कान इतरांसारखे नाहीत. रायफलच्या एका गोळीचा आवाज कानाशी १४० डेसिबलच्या वर जातो. अशी वर्षं काढलेल्यांचं ऐकणं बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खचतं, आणि स, श, त, क ही व्यंजनं वरच्याच पट्टीत ओळखू येतात. वर खोली घुमत असेल तर उरलेली व्यंजनंही पुसट होतात. मग माणूस आवाज वाढवतो. पण आवाज वाढवला की स्पीकरचा थेट आवाज आणि भिंतीचा आवाज सारखेच वाढतात. शब्द जितके अस्पष्ट होते तितकेच राहतात, वर वाचलेलं ऐकणंही धोक्यात. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानतात, आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो.

उलट, खुर्ची दहा फुटांवरून पाच फुटांवर आणा. थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, भिंतीचा जवळपास तेवढाच राहतो. शब्द मोकळे होतात. नॉब खाली आणता येतो. बायकोला शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येतं.

म्हणून माझा आग्रह आहे की पैसे खर्च करण्याआधी एक रविवार खोलीला द्या. टेप, आरसा, दोन रजया आणि ओळखीची एक रेकॉर्ड पुरे. त्यानंतरही शब्द कळले नाहीत तर स्पीकरच्या दुकानात जाऊ नका. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि कानांची तपासणी करून घ्या.