मधल्या पायरीवरचं व्याकरण

‘व्याकरणाच्या नादी लागू नका, आधी बोलायला लागा’ हा सल्ला महाराष्ट्रात आता तालुक्याच्या गावीही ऐकू येतो. स्पोकन इंग्लिशचे क्लास तो देतात आणि ‘फाडफाड इंग्रजी’ शिकवू पाहणारी पुस्तकंही देतात. त्याच गावातल्या शाळेत दहावीचा वर्ग ‘नो सूनर... दॅन’ वापरून वाक्यं फिरवत असतो, ‘टू’ काढून तेच वाक्य पुन्हा लिहीत असतो. एका बाजूला व्याकरण नकोच आहे. दुसऱ्या बाजूला व्याकरण म्हणजे ही फिरवाफिरवच, आणि परीक्षा झाली की ते संपलं. या दोन्ही मतांनी एकाच विद्यार्थ्याचं नुकसान केलं आहे. त्याला इंग्रजी बातमी वाचून कळते, चार माणसांत कामापुरतं बोलताही येतं. पण ईमेल लिहायला किंवा मुलाखतीला बसला की वाक्य हातातून निसटतं. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली जाहीर केलेल्या भाषापातळ्यांत तो साधारण बी-१ आणि बी-२ यांच्या आसपास बसेल. सन २०००पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे या मधल्या पायरीवर उभ्या असलेल्यांची संख्या आज फार मोठी आहे. त्यांना व्याकरण हवंच आहे, सुरुवातीच्या विद्यार्थ्यापेक्षाही अधिक हवं आहे. मात्र ते वेगळं व्याकरण आहे.

आधी ‘बोलत राहा, आपोआप येईल’ या मताचा विचार करायला हवा, कारण त्याच्या मागे केवळ जाहिरात नाही, गंभीर विचारही आहे. अमेरिकेतले भाषावैज्ञानिक स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात मांडलं की समजेल असं इंग्रजी भरपूर कानावर आणि डोळ्यांवर पडलं की भाषा मनात आपली आपण रुजते; पाठ केलेला नियम फार तर लिहिलेलं तपासायला उपयोगी पडतो. आपल्या देशात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत याहून धाडसी प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. त्या वर्गांत व्याकरणाचा अभ्यासक्रमच नव्हता. मुलं रेल्वेचं वेळापत्रक वाचत, नकाशावरून वाट शोधत आणि हे सगळं इंग्रजीतून करत. पुढे झालेल्या मूल्यमापनात ही मुलं मागे पडली नव्हती. रचनांच्या ठरीव चाचणीत नेहमीच्या वर्गातली मुलं सरस ठरली, पण दोन्ही पद्धतींना समान असणाऱ्या चाचण्यांत प्रकल्पातल्या मुलांचा निकाल चांगला होता. मन अर्थात गुंतलं की भाषा वाढते, हे प्रभूंचं म्हणणं खरंच आहे आणि कोणत्याही चांगल्या वर्गाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

पण भाषा वाढत वाढत कुठवर जाते, हा पुढचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कॅनडात मिळालं. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट इथे १९६५ साली इंग्रजीभाषक मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली, आणि ही पद्धत पुढे देशभर पसरली. क्रॅशन यांना हवं ते सगळं या मुलांना मिळालं होतं. समजेल असं फ्रेंच वर्षानुवर्षं, रोज, तासन् तास. ऐकण्यात आणि वाचण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोहोचली. बोलण्या-लिहिण्यात मात्र क्रियापदांची रूपं आणि नामांची लिंगं चुकतच राहिली. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली याचं कारण मांडलं. शिक्षकांना आणि सोबत्यांना मुलांचं बोलणं तसंही समजत होतं, त्यामुळे ते नेमकं करण्याची वेळ त्यांच्यावर कधी येतच नव्हती.

रिचर्ड श्मिट यांनी अभ्यासलेलं एका प्रौढ माणसाचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्याला ‘वेस’ हे नाव दिलेलं आहे. जपानमधून हवाईत आलेला हा चित्रकार मनमोकळा, माणसांत रमणारा, इंग्रजीतून व्यवहार करणारा. सुमारे तीन वर्षांत त्याचं संभाषणकौशल्य खूप वाढलं, पण व्याकरण जवळजवळ जिथल्या तिथेच राहिलं. नंतर श्मिट स्वतः ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकले आणि त्यांनी आपल्या शिकण्याची नोंदवही ठेवली. जी रूपं ऐकताना त्यांच्या लक्षात आली होती, तीच पुढे त्यांच्या बोलण्यात उतरली. नुसती कानावरून गेलेली रूपं उतरली नाहीत. भाषेतली गोष्ट शिकायची तर ती आधी लक्षात यावी लागते, हा त्यांचा पुढे गाजलेला सिद्धांत या अनुभवातून आला.

ज्या चुकीने अर्थ अडत नाही, ती चूक कोणी दाखवून दिल्याशिवाय जात नाही. ‘ही वर्क इन नाशिक’ ऐकणाऱ्याला पूर्ण कळतं. ‘वर्क’ला ‘एस’ हवा होता हे तो सांगत बसत नाही. आणि काही चुकांनी अर्थ अडतो तेव्हा तर कोणाला पत्ताही लागत नाही. कार्यालयातल्या एखाद्याने सहकाऱ्याला कळवलं, ‘सर सेड दॅट आय विल कॉल द क्लायंट.’ त्याच्या मनात मराठी वाक्य आहे, ‘सर म्हणाले की मी क्लायंटला फोन करीन.’ मराठीत हा ‘मी’ म्हणजे सर. इंग्रजी वाचणाऱ्याच्या लेखी हा ‘आय’ म्हणजे निरोप पाठवणारा. फोन कोणीच करत नाही. दोघांनाही शब्द न् शब्द समजलेला असतो. इथे ‘बोलत राहा’ या सल्ल्याचा काडीचाही उपयोग नाही.

याला तोड म्हणून शाळा जे व्याकरण देते, त्याचा पाया बराच जुना आहे. रेन आणि मार्टिन यांचं १९३०च्या दशकातलं पुस्तक आजही भारतभर विकलं जातं. त्यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ. पुस्तक कष्टाने रचलेलं आहे, नियम शोधायला आजही उपयोगी आहे. दोष आहे तो त्यातून उरलेल्या वाक्यरूपांतराच्या परंपरेचा. कर्तरी वाक्य कर्मणी करा, प्रत्यक्ष कथन अप्रत्यक्ष करा. या प्रश्नांत गृहीत असतं की दोन्ही वाक्यं सारखीच, फक्त वेश वेगळा. ती सारखी नसतात. ‘द ब्रिज वॉज क्लोज्ड ऑन मंडे’ असं वार्ताहर लिहितो तेव्हा पूल कोणी बंद केला हे त्याला सांगायचं नसतं किंवा सांगण्याची गरज नसते; बातमी पुलाची आहे. शेकडो वाक्यं कर्मणी करून आलेल्या विद्यार्थ्याला हे कधी विचारलेलंच नसतं. त्याला रूप येतं, ते केव्हा निवडायचं ते येत नाही. मग तो प्रकल्पाच्या अहवालात प्रत्येक परिच्छेद ‘वी’ने सुरू करतो, नाहीतर पूर्ण पानभर कर्मणी लिहून वाचणाऱ्याला दमवतो.

अप्रत्यक्ष कथनाचा तक्ताही असाच. ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ झालंच पाहिजे, असं तो सांगतो. प्रत्यक्षात बोलणं आजचंच असेल तर ‘शी सेड शी इज कमिंग टुमॉरो’ हे बिनचूक इंग्रजी आहे, कारण उद्या अजून उगवायचा आहे. तक्ता पाठ करणाऱ्याने खरं इंग्रजी ऐकलं की ते त्याला चुकीचं वाटतं. ज्या शिक्षणाने अस्सल भाषा चुकीची वाटू लागते, ते बदललंच पाहिजे.

मंडन करायचं ते निवडीच्या व्याकरणाचं, आणि ते मराठीचा आधार घेऊन. इथे तिसरा एक आग्रह आडवा येतो. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको, म्हणजे मुलं इंग्रजीत विचार करू लागतील. जुन्या तर्खडकरी भाषांतराला कंटाळून हा आग्रह आला आणि त्या काळी त्याला कारणही होतं. पण मधल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याच्या चुका तपासल्या तर त्यातल्या कितीतरी चुकांत मराठी वाक्य स्पष्ट दिसतं. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत. ‘सकाळपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हींना मराठी एकच ‘पासून’ लावते. इंग्रजी सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’ लावते. शिवाय मराठीत ‘राहतोय’ म्हटलं की पुरतं. इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं, कारण ते राहणं मागे सुरू होऊन आजपर्यंत आलं आहे. ‘ऑलदो ही इज पुअर, बट...’ यातला ‘बट’ म्हणजे ‘जरी’च्या मागोमाग येणारा आपला ‘तरी’. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ हे ‘मला कळत नाहीये’ यातून आलं. मराठी मनाच्या अवस्थांनाही चालू काळाचं रूप सहज देते, इंग्रजी बहुतेक वेळा देत नाही.

सगळ्यात शिकवण्याजोगं उदाहरण संकेतार्थाचं. ‘पाऊस पडला असता तर पीक वाचलं असतं.’ मराठीत दोन्ही बाजूंना ‘असणं’चं एकच रूप, समतोल वाक्य. म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही दोन्हीकडे तेच ठेवतो, ‘इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्ड.’ इंग्रजीत अटीच्या बाजूला ‘हॅड रेन्ड’ लागतं. ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून शिक्षक दोन मिनिटं मराठीत बोलला, तर तीन कंडिशनल्सचा तक्ता पाठ करून जे येत नाही ते येतं. आणि मराठी दर वेळी वाट अडवते असंही नाही. ‘पाऊस आला तर सामना होणार नाही’ म्हणताना आपण ‘पाऊस येईल तर’ म्हणत नाही. अटीत भविष्यकाळ न घालण्याची सवय मराठी मुलाच्या जिभेला आधीच आहे; इंग्रजीतल्या ‘इफ’नंतर ‘विल’ का नको, हे त्याला त्याच्याच भाषेवरून दाखवता येतं. हा आधार काढून घेणारा शिक्षक मुलाला आधीपासून येत असलेली गोष्ट वाया घालवतो.

काही चुका तर प्रगतीच्या खुणा असतात. नवशिका ‘व्हेअर ही लिव्ज?’ विचारतो. पुढे तो ‘व्हेअर डझ ही लिव्ह?’ शिकतो आणि मग ‘आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह’ म्हणू लागतो. नवा नियम जिथे नको तिथेही गेला. ही चूक मधल्या पायरीवरच होऊ शकते, म्हणून ती तिथेच शिकवावी लागते. ‘हे पाचवीत झालं आहे’ असं म्हणून शिक्षक पुढे गेला तर तो मुलावर अन्याय करतो. तृतीयपुरुषी ‘एस’चा नियम एका ओळीचा, पण १९७०च्या दशकातल्या अभ्यासांत तो इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या बोलण्यात फार उशिरा स्थिरावलेला दिसला. मानफ्रेड पीनेमान यांनी जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की शिकवण्याने मधली पायरी गाळता येत नाही. मूल तयार असेल तेव्हाच धडा लागू पडतो. तेव्हा एकच मुद्दा आठवीत, दहावीत, अकरावीत पुन्हा घ्यावा लागणं हे शिक्षकाचं अपयश नाही, मुलाचंही नाही.

स्पष्ट शिकवण्याचा उपयोग होतो का, याचा एक मोठा आढावा नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी २००० साली घेतला. ४९ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून त्यांनी दाखवलं की नियमाकडे उघडपणे लक्ष वेधणारं शिक्षण अधिक परिणामकारक ठरतं आणि तो परिणाम टिकतो. अनेक चाचण्या अशा शिक्षणाला सोयीच्या होत्या, हा इशाराही त्यांनीच दिला. इशारा योग्य आहे. म्हणूनच नियम सांगून थांबायचं नाही, तो वापरायला भाग पाडायचं.

‘साठ मुलांच्या वह्या कोण तपासणार?’ हा शिक्षकांचा आक्षेप मात्र खरा आहे. प्रत्येक चुकीखाली लाल रेघ ओढण्याने फायदा होतो की नाही, यावर जॉन ट्रस्कॉट आणि डेना फेरिस यांच्यात १९९०च्या दशकात मोठा वाद झाला. वादाचा निकाल काहीही लागो, सगळ्या चुका एकदम तपासणं साठ मुलांच्या वर्गात शक्य नाही. चूक दुरुस्त करून बरोबर वाक्य नुसतं पुन्हा म्हणून दाखवणंही पुरत नाही. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या फ्रेंच वर्गांत पाहिलं की शिक्षक सर्वाधिक वापरतात ती हीच पद्धत, आणि मुलं सर्वांत कमी दखल घेतात तीही हिचीच. मुलाला थांबवून ‘पुन्हा सांग, कोण येणार?’ असं विचारलं की तो स्वतः वाक्य सुधारतो.

मोठ्या वर्गाला झेपेल अशी एक कृती रूथ वाजनरिब यांनी १९९०च्या पुस्तकात सविस्तर मांडली. शिक्षक सात-आठ वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचतो. मुलं फक्त महत्त्वाचे शब्द टिपतात. मग चौघांच्या गटात बसून तो उतारा पुन्हा उभा करतात आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहतात. साठ मुलांचे पंधरा कागद होतात. मुलांना आशय आठवतो, पण ‘हॅड गॉन’ होतं की ‘वेन्ट’ यावर गट अडतो, मुलं आपसांत मराठीत भांडतात आणि व्याकरण आपणहून त्यांच्या लक्षात येतं. त्या आठवड्यात शिक्षकाने एकच मुद्दा धरावा, समजा अप्रत्यक्ष कथनाचा, आणि वह्यांत तेवढाच तपासावा.

याला परीक्षेची साथ मिळायला हवी, कारण कृतिपत्रिकेत जे येतं तेच वर्गात शिकवलं जातं. ‘टू’ काढायला सांगणाऱ्या प्रश्नाऐवजी मंडळाने एक छोटा ईमेल छापावा, त्यातल्या तीन वाक्यांसाठी प्रत्येकी दोन पर्याय द्यावेत, आणि विद्यार्थ्याने कोणता निवडला व का, हे त्याला इंग्रजीत किंवा मराठीत दोन ओळींत लिहू द्यावं.