व्यवस्थापनाची पदवी आणि अडचणीत आलेल्या बँकांचा धडा

बारावीनंतर व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीकडे आपली अनेक मुलेमुली वळतात. मुंबई विद्यापीठाचा 'बीएमएस' हा त्यांतील सर्वांत परिचित अभ्यासक्रम. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तो अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि महाराष्ट्रात त्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. जागा अधिक व परीक्षार्थी कमी, अशी स्थिती झाल्याने पहिल्याच वर्षी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून नव्या नियमांतून वाट काढली. नव्या शैक्षणिक धोरणामुळे चौथ्या वर्षाचाही पर्याय आला. या साऱ्या गदारोळात चर्चा झाली ती प्रवेशाची. पदवीच्या शेवटच्या टप्प्यात काय शिकवले जावे, हा प्रश्न मात्र मागे पडला.

शेवटच्या टप्प्यात विद्यार्थी वित्त, विपणन किंवा मनुष्यबळ यांपैकी एक शाखा निवडतो. वित्ताचा विद्यार्थी ताळेबंद वाचतो, विपणनाचा विद्यार्थी ग्राहकाचे मन वाचतो, तर व्यवस्थापनात निर्णयप्रक्रिया अभ्यासली जाते. सोयीसाठी केलेली ही विभागणी प्रत्यक्ष व्यवहारात टिकत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध लादले. आरंभी खातेदारास केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे सुमारे ६,५०० कोटी रुपये, म्हणजे एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून अधिक रक्कम अडकली होती. ती दडवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, असे पोलीस तक्रारीत नमूद झाले. एका समूहाला द्यावयाच्या कर्जावर मर्यादा होती. ती कागदावरच राहिली.

येथे वित्तशाखेला प्रश्न पडतो, की सारा भार एकाच कर्जदारावर कसा पडला? व्यवस्थापनशाखा विचारते, की संचालक मंडळ, लेखापरीक्षक आणि अधिकारी यांच्यापैकी 'नाही' म्हणण्याचे काम कोणाचे होते? विपणनशाखेसमोरचा प्रश्न अधिक अवघड आहे. गुरुद्वारा समित्या, गृहनिर्माण संस्था, निवृत्त माणसे यांनी 'आपल्या माणसांची बँक' म्हणून येथे ठेवी ठेवल्या. विश्वास हेच बँकेचे भांडवल होते. ग्राहकाचा विश्वास मिळवण्याची विद्या शिकवताना तो जपण्याची जबाबदारी कोणत्या तासाला शिकवली जाते?

जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना उर्वरित रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांची वाट पाहण्याची वेळ आली. दरम्यान, फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली आणि २०२१ च्या कायदादुरुस्तीने निर्बंधांनंतर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद केली.

तरीही प्रश्न सुटला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये, कामगारनेते जॉर्ज फर्नांडिस यांनी स्थापन केलेल्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तिच्या तिजोरीतील १२२ कोटी रुपयांच्या रोकडीचा हिशेब लागत नव्हता. कागदावरची रोकड आणि तिजोरीतील रोकड जुळवून पाहणे, हा हिशेबतपासणीचा पहिला धडा. तोच राहून गेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

सहकारी बँका आणि पतपेढ्या यांनी सामान्य कुटुंबांना घरे, शिक्षण आणि लहान धंदे उभे करून दिले आहेत. त्या मोडीत काढणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यांना जाणकार संचालक, निर्भीड अधिकारी आणि प्रश्न विचारणारे सभासद हवे आहेत. व्यवस्थापनाच्या पदवीधरांची खरी गरज येथेच आहे. महाविद्यालयांनी अखेरच्या वर्षी तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून अशी एक तरी घटना मुळापासून अभ्यासायला लावावी. प्रकल्पासाठी आंतरजालावरून उतरवलेल्या पानांपेक्षा जवळच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल त्यांना अधिक शिकवील.

पालकांनीही महाविद्यालय निवडताना नोकरीच्या आकड्यांबरोबरच एवढे विचारावे, की येथे मुले ताळेबंद वाचायला शिकतात का? घरी परतल्यावर त्याच मुलांना आपल्या बँकेचा अहवाल वाचायला द्यावा. एका बँकेत एका ठेवीदाराच्या सर्व ठेवी मिळून, मुद्दल व व्याज धरून, ५ लाखांपर्यंतच विमासंरक्षण मिळते, हे किती घरांना ठाऊक आहे? वार्षिक सर्वसाधारण सभेत केवळ अल्पोपाहारासाठी न जाता थकीत कर्जांविषयी एक प्रश्न विचारणारा तरुण सभासद निर्माण झाला, तर त्या पदवीचे चीज झाले असे म्हणता येईल.