गोमंतकाचा पंधरा ऑगस्ट

15 ऑगस्ट 1947 रोजी दिल्लीत तिरंगा फडकला, तेव्हा पणजीत पोर्तुगीज ध्वज तसाच डौलत होता. पुढेही चौदा वर्षे तो उतरला नाही. म्हणूनच गोमंतकाच्या इतिहासात या तारखेचा अर्थ उर्वरित देशाहून वेगळा आहे.

1954 च्या 15 ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली मूठभर सत्याग्रही तेरेखोल किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तेथे तिरंगा चढविला. किल्ला थोड्याच वेळात पोर्तुगीजांनी परत घेतला, सत्याग्रही बंदिवान झाले. (मुक्तिलढ्याला एकाच धर्माचा रंग देऊ पाहणाऱ्यांनी आफोन्सो हे नाव जरूर ध्यानी ठेवावे.)

वर्षभराने, 15 ऑगस्ट 1955 रोजी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हजारो निःशस्त्र सत्याग्रहींनी सीमा ओलांडली. समोरून गोळीबार झाला. पत्रादेवी येथे मध्य प्रदेशातील सागरच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. पंजाबातील इसरू गावचे तरुण शिक्षक करनैलसिंग धारातीर्थी पडले. उज्जैनचे संघ स्वयंसेवक राजाभाऊ महाकाळ यांनीही याच सत्याग्रहात प्राण वेचले. त्या एका दिवशी वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. यांपैकी कित्येकांनी त्यापूर्वी गोव्याची माती पाहिलीही नव्हती.

यानंतर नेहरू सरकारने आर्थिक नाकेबंदी कडक केली खरी. पण सप्टेंबरात सत्याग्रहावरच बंदी घातली. आंतरराष्ट्रीय प्रतिमेची चिंता समजू शकते. परंतु डिसेंबर 1961 मध्ये अखेर सैन्यच धाडावे लागले. मग मधली सहा वर्षे गोमंतकीयांनी आग्वादच्या तुरुंगात कोणत्या तत्त्वासाठी काढली?

19 डिसेंबरचा मुक्तिदिन थाटात साजरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. मात्र सैन्याच्या छत्तीस तासांच्या विजयाच्या तेजात 1955 चा पंधरा ऑगस्ट झाकोळून जातो. सुटीत मुंबई-पुण्याहून गोव्याला निघालेली असंख्य कुटुंबे पत्रादेवीच्या नाक्यावरून पुढे जातात. तेथील हुतात्मा स्मारकापाशी किती गाड्या थांबतात? गोव्यातील शाळांनी, आणि सीमेलगतच्या सावंतवाडी-बांद्याच्या शाळांनीही, दरवर्षी ध्वजवंदनानंतर त्या हुतात्म्यांची नावे मोठ्याने वाचावीत. पाच मिनिटेही लागणार नाहीत.